आज जन्मली, उद्या एक वर्षाची

मामा मला घोड्यांची भटजी म्हणतात. लग्नकार्यात, चारचौघांत, मुद्दाम मोठ्यांदा. "स्वतःची पत्रिका कुठे जुळली नाही, आता घोड्यांच्या जुळवत बसलीये." आणि मग स्वतःच हसतात. म्हणू देत. माझी पन्नाशी उलटली, आता मामांच्या हसण्यानं मला काही होत नाही. त्यांच्या बोलण्यात चूक एवढीच की मी पत्रिका जुळवत नाही, तपासते. घोड्यांच्या कागदांत मला जितकी थापेबाजी सापडली त्याच्या दसपट मला दाखवायला आलेल्या स्थळांच्या पत्रिकांत होती, हे मी एकदा भर पंगतीत सांगितलं. त्या दिवसापासून ते माझ्या शेजारच्या पाटावर बसत नाहीत.

डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या आहेत. आई आणि मी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि तिथे बसून मी शर्यतीच्या घोड्यांचे वंश शोधते. थरोब्रेड म्हणतात त्या जातीचे. कुठली घोडी कुणाची मुलगी, तिला फळवायला कुठला घोडा दाखवला होता, तिचं शिंगरू नक्की कोणत्या दिवशी जन्मलं. घोडे पाळणारे विचारतात, मी शोधून देते. शर्यत मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही अर्धवट, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या पुस्तकात मला एक चूक दिसत होती. पैसे तर कधीच लावले नाहीत. तरी सोसायटीत कोणी विचारलं की मी मुद्दाम सांगते, "रेसच्या घोड्यांचं काम करते," आणि समोरच्याचा चेहरा बघत राहते.

ही गोडी लागली ठाण्याला. कोर्ट नाक्याजवळच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे. कोर्टाचे कागद, शाळांचे अहवाल, लग्नाच्या पत्रिका, आणि वर्षातून एकदा घोड्यांच्या लिलावाचं जाडजूड पुस्तक. दर पानावर एक घोडा आणि त्याच्यामागे पाच पिढ्या. एका पानावर मला एक घोडी स्वतः दीड वर्षाची असताना आई झालेली दिसली. मी मालकांना दाखवलं. "तू फक्त स्पेलिंग बघ ना, बाई," ते म्हणाले. असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जेवणाच्या सुट्टीत मी जुनी पुस्तकं काढून बसले, तेव्हा कळलं की एकाच नावाच्या दोन घोड्या होत्या, एक आजी आणि एक नात, आणि कोणीतरी दोघींची मिळून एक करून टाकली होती. ते पान शेवटी बदललं. छापखाना पुढे बंद पडला, मालक गेले, पण त्या दोघींना वेगळं केल्याचा आनंद मला अजून पुरतोय.

या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. घोड्यांचं घराणं आईकडून मोजतात. एका बापाची शंभर शिंगरं असली तरी ती एकमेकांची भावंडं नाहीत. एका आईची असली तरच भावंडं. लग्नाच्या बाजारात मी उभी होते तेव्हा प्रत्येकानं कूळ विचारलं, गाव विचारलं, वडिलांच्या वडिलांपर्यंत गेले. आईबद्दल एकच प्रश्न, स्वयंपाक कसा करतात. घोड्यांच्या कागदावर मात्र आईची आई, तिची आई, तिची आई, अशी ओळ पार दोन-तीनशे वर्षं मागे जाते आणि कुठेही तुटत नाही. पहिल्यांदा ती ओळ शेवटपर्यंत लावली तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली होती, इतकं बरं वाटलं होतं.

आता तारखेचं सांगते, कारण पुढचं सगळं तारखेवर आहे. शर्यतीच्या जगात आपल्याकडच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. शिंगरू फेब्रुवारीत जन्मो की मे महिन्यात, एक जानेवारी आली की त्याचं एक वर्ष पुरं. शर्यती वयावर लावतात, म्हणून ही सोय. घोडी जवळजवळ अकरा महिने गाभण असते, तेव्हा शहाणा माणूस फेब्रुवारीचा मध्य उलटल्याशिवाय तिला घोडा दाखवत नाही. चुकून डिसेंबरात व्याली तर शिंगराचा निकाल लागला. एकतीस डिसेंबरला जन्मलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी कागदोपत्री एक वर्षाचं होतं, आणि पुढे जन्मभर आपल्याहून वर्षभरानं मोठ्यांबरोबर पळत राहतं.

सगळ्यांना माहीत असतं की एक जानेवारी ही खोटी तारीख आहे. पण त्या खोट्या तारखेमागे, कागदावर दुसऱ्या रकान्यात, खरी तारीख लिहिलेली असते. माझं सगळं काम त्या दुसऱ्या रकान्याचं.

आईच्या कागदावर दुसरा रकाना नाही. तिचा वाढदिवस एक जून. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा असतो तसा. कोकणातल्या तिच्या गावी मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करत होते. आई अंगणात खेळत होती. मास्तरांनी तिला डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरायला लावला, हात पुरला, आणि त्यांनी पाचेक वर्षांच्या पोरीला सहा पूर्ण करून टाकलं. जन्म कधीचा, विचारलं तर आजी म्हणाली, भातकापणी चालू होती, मी शेतात होते, विळा टाकून घरी आले आणि ही झाली. भातकापणी काही तारखेच्या जागी लिहिता येत नाही. मास्तरांनी एक जून लिहिलं.

आई पुढे शिक्षिका झाली. कल्याणच्या पालिकेच्या शाळेत तिनं जन्म घालवला. आणि त्या मास्तरांच्या एक जूनमुळे खऱ्या वयाच्या दीडेक वर्ष आधी ती निवृत्त झाली. एकतीस मेला. त्या दिवशी तिच्याबरोबर नारळ घेऊन उभे राहिलेले सगळेच एक जूनचे होते. तिच्या वर्गातली तिसरीची मुलं चौथीत जाणार होती, त्यांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं तिच्या मनात होतं. ते राहिलं. तेव्हापासून एक जूनला कोणी शुभेच्छा दिल्या की ती "हं" म्हणते आणि फोन माझ्याकडे देते.

खडवलीच्या पुढे, नदीच्या पलीकडे, ठाण्याच्या एका बिल्डर शेठांचं फार्महाऊस आहे. पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यांनी दोन थरोब्रेड घोड्या घेतल्या, मग त्यांच्यात गुंतले. माणूस वाईट नाही. घोड्यांना स्वतःच्या हातानं गाजरं घालतो. फक्त त्याचं गुरुजींशिवाय पान हलत नाही. पाया खणायचा, गाडी घ्यायची, बोअर मारायची, सगळं मुहूर्तावर. मोठ्या घोडीला घोडा दाखवायचा होता, तेव्हा मी फोनवर बजावून सांगितलं होतं, "शेठ, पंधरा फेब्रुवारीच्या आधी नको. लवकर व्याली तर वाट लागेल." त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त काढला. घोडीला नारळ वाढवून मित्राच्या स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास फार्मवर, पाठवलं. मला हे नंतर कळलं, त्यांच्या सईसाकडून, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याकडून. मी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हटलं, होईल जानेवारीत, घोडी अकरा महिने पूर्ण घेते बहुतेक.

नाही घेतले. फार्महाऊसवर थर्टी फर्स्टची पार्टी होती. मांडव पडला होता, दुपारी डीजेवाला स्पीकर लावून आवाज तपासत होता. तबेला मांडवाच्या मागेच. कुणाच्या मनातही नसताना, भर दुपारी, घोडी व्याली. मादी शिंगरू, लालसर तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, मागचा एक पाय पांढरा. लवकर आलेले पाहुणे हातातले ग्लास घेऊन तबेल्याशी जमले. संध्याकाळी माझ्या फोनवर फोटो आला. खाली शेठांनी लिहिलं होतं, 'आजची चीफ गेस्ट.' त्या वेळी त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. शेठांचे घोड्यांचे सगळे कागद मीच करते. शिंगरू जन्माला आलं की त्याच दिवशी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला ईमेल करून टाकते. आई, बाप, रंग, खुणा, जन्मतारीख. त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती, मी शेजारी बसून तारीख लिहिली, एकतीस डिसेंबर, आणि पाठवायच्या आधी ती तीनदा वाचली. पण पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांचा फोन. कोणीतरी त्यांना नववर्षाच्या शुभेच्छांबरोबरच समजावून सांगितलं असणार. "मॅडम, ते डेट जरा एक जानेवारी करून टाका ना."

"मेल गेला, शेठ. कालच."

"मग काय झालं? लिहा की टायपिंग मिस्टेक झाली. तुमच्याकडून चुकून एकतीस पडलं. एक दिवसाचा तर सवाल आहे."

जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंय. न केलेली चूक माझ्या नावावर घ्या, असं मला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं. "उद्या येते फार्मवर," म्हटलं आणि फोन ठेवला.

फार्मवर मांडव उतरवत होते. गवतात थर्मोकोलच्या ताटल्या, स्पीकरच्या वायरी. तबेल्यात ती आईच्या पोटाखाली उभी होती. पाय इतके लांब की कुठला कुठे टाकायचा ते तिचं तिलाच कळत नव्हतं. माझ्याकडे बघून तिनं कान हलवले. मी कागदावरचे घोडे ओळखते, खऱ्या घोड्याजवळ मी फारशी जात नाही. त्या दिवशी गेले. तिचं तोंड माझ्या ओढणीला लागलं, ओलं आणि गरम, आणि मला उगीचच राग आला. गुरुजींचा, शेठांचा, त्या एक जानेवारीचा.

"शेठ, मी बदलणार नाही," मी म्हटलं.

"अहो, कोण बघतंय?"

"तुमचे सगळे पाहुणे बघत होते. फोटो काढत होते."

"ते सगळे टाइट होते, मॅडम. त्यांना त्यांचं घर आठवत नव्हतं."

मला हसू आलं, पण मी आवरलं. "मुहूर्त तुम्ही काढलात. मी नको म्हटलं होतं. आता त्याला माझी चूक म्हणायचं? तसं मी लिहून देणार नाही. शिवाय जे लोक नियमानं थांबले, त्यांच्या शिंगरांना फसवायचं का?"

शेठांचा चेहरा उतरला. रागावून नाही, खरंच वाईट वाटून म्हणाले, "मग ही माझ्या काय कामाची? रेसला कोणी हात लावणार नाही. लिलावात कोणी बघणार नाही. चार-सहा महिने आईजवळ राहील, मग वरातीवाल्याला देऊन टाकतो. तो मागतोच आहे."

वरातीतले घोडे मी पाहिलेत. आमच्याच रस्त्यानं जातात. समोर बँड, मागे जनरेटर, पायाखाली फटाक्यांच्या माळा. स्वभावानं शांत असलेली घोडी निभावते कशीबशी. हे थरोब्रेड म्हणजे नुसत्या नसा. पानाच्या सळसळीनं उधळणारी जात. ही तर स्पीकरच्या धडधडीनं पोटातून बाहेर पडलेली. पाय मोडायला किती वेळ लागतो? आणि पाय मोडलेल्या घोड्याचं काय करतात ते मला माहीत आहे. मी रिक्षा मागवली आणि निघाले.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती पाठ थोपटेल. मास्तरांच्या एका खोट्या तारखेनं तिचं काय केलं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"बदलून टाक," ती म्हणाली.

"आई, तू सांगतेस हे?"

"मीच सांगणार. मास्तरांनी खोटं लिहिलं नसतं तर मी त्या वर्षी शाळेत गेले नसते. पुढच्या वर्षी धाकटा झाला, मग मला कोण सोडत होतं? तुझी आजी मला त्याच्या पाळण्याशी बसवणार होती. त्या एका खोट्यावर मी शिकले, नोकरी केली, तुला वाढवलं. दीड वर्ष गेलं माझं, गेलं. पण चाळीसेक वर्षं मिळाली की नाही?"

"म्हणून मी खोटं लिहू?"

"नको लिहूस. तुझा ताठा मला ठाऊक आहे. पण मग एक सांग. खरं लिहायची हौस तुझी. भोगायचं त्या पोरीनं का?"

मी उठून टेबलाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. रागानं माझे कान तापले होते. आईशी मी आयुष्यभर भांडले आहे, बहुतेक वेळा मी जिंकते, कारण ती कंटाळते. त्या दिवशी ती कंटाळली नाही. तिनं ताट उचललं आणि तांदूळ निवडत राहिली, आणि मला समजलं की उत्तर दिल्याशिवाय या घरात मला ताठ मानेनं जेवता येणार नाही.

तारीख मी बदलणार नव्हते. ते ठरलंच होतं. दुसऱ्या रकान्यात खोटं घातलं तर मग काहीच उरत नाही. मग आईसारखं सगळ्यांनीच भातकापणी आठवत बसायचं. पण शिंगरूही सोडणार नव्हते. नियमाला खरी तारीख चालत नाही तर नियमाच्या बाहेर जागा शोधायची. घोड्याला शर्यतीशिवाय दुसरं आयुष्यच नाही, असं कुठे लिहिलंय?

मी शिंगराची आईकडची ओळ उघडली. आई, आजी, पणजी. यांच्यात जिंकणाऱ्या फार नव्हत्या, म्हणून तर शेठांना ही घोडी परवडली. पण शर्यतीत न चमकलेल्या मुलींचं पुढे काय झालं ते कॅटलॉगात कोणी छापत नाही. ते मी शोधायला घेतलं. जुने फोटो, रायडिंगच्या स्पर्धांचे निकाल, घोडे विकत घेतलेल्या माणसांना फोन. पणजीच्या एका बहिणीची मुलं उड्या मारण्याच्या स्पर्धांत होती. आजीचा एक मुलगा रायडिंग शिकवणाऱ्या एका शाळेत म्हातारा होईपर्यंत मुलांना पाठीवर घेऊन फिरला. आईची एक सख्खी बहीण अडथळ्यांवरून आरामात जायची. हे घराणं पळण्याचं नव्हतंच. उडी मारण्याचं आणि माणसं सांभाळण्याचं होतं. शेठांसाठी पाच पिढ्यांचं पान करते तसंच एक पान मी केलं, फक्त त्यात जिंकलेल्या शर्यतींच्या जागी हे लिहिलं. आणि वर, मोठ्या अक्षरांत, जन्म एकतीस डिसेंबर.

ठाण्याला घोडेस्वारी शिकवणाऱ्या दोन ठिकाणी गेले. एकांनी पान न बघताच विचारलं, "चार वर्षांची आहे का? आम्हाला तयार घोडा लागतो." दुसऱ्यांनी चहा पाजला आणि तेच सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. पाठीवर माणूस घेईपर्यंत तिला तीन-चार वर्षं पोसायचं कोणी?

तिसरे निघाले कल्याणच्या बाहेरचे, मुरबाड रस्त्याला. लष्करातून निवृत्त झालेले रिसालदार, साताऱ्याकडचे. भातशेतांना लागून त्यांची थोडी जागा, पाच-सहा घोडे, शनिवार-रविवारी शिकायला येणारी मुलं. त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"एकतीस डिसेंबर," ते म्हणाले. "म्हणून टाकली व्हय?"

"हो."

"आमच्या उड्यांच्या मैदानात घोड्याचं वय कोण इचारत नाही, ताई. पाय इचारतात." मग कागदाची घडी करत म्हणाले, "पण चार वर्षं माझ्या एकट्याच्या खिशातनं न्हाई जमायचं."

"मला काय करावं लागेल?"

त्यांनी कागद खिशात घातला. "हरभरा तुमचा, गवत माझं."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी येईपर्यंत धास्तावले होते, पण आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "हरभरा मी निवडून देत जाईन. खडे फार असतात हल्ली."

शेठांनी कुरकुर केली नाही. "न्या. पण उद्या माझ्याकडे रडत येऊ नका," एवढंच म्हणाले. कागदांचं काम त्यांनी नंतर दुसऱ्या कुणाला दिलं. द्यायचंच होतं. मामांनी मात्र फोन केला. "घोडी पाळतेस म्हणे? डोंबिवलीत? बाल्कनीत बांधणार का?"

"तुमच्या हॉलमध्ये जागा आहे ना, मामा," मी म्हटलं.

मेच्या शेवटी ती पाच महिन्यांची झाली. डॉक्टर म्हणाले, आता आईपासून तोडायला हरकत नाही, कधीही न्या. मी दिवस ठरवत होते, तर आई मधेच म्हणाली, "एक जूनला ने."

"का गं?"

"त्या तारखेला एक तरी खरी गोष्ट होऊ दे."

एक जूनला खडवलीहून टेम्पो निघाला. आईच्या फोनवर सकाळपासून शुभेच्छा येत होत्या, फोन घरीच राहिला होता. ती हट्टानं बरोबर आली होती, पदर खोचून, पिशवीत गूळ. शिंगरू फळीवर चढेना. सईस ओढत होता, मी लांबून सूचना देत होते. शेवटी शेठ स्वतः पुढे आले, पांढऱ्या पँटला चिखल लावून घेतला आणि तिला मागून रेटून वर चढवलं. आत तबेल्यात मोठी घोडी खिंकाळत होती. शेठांनी तिकडे बघितलं नाही. "सांभाळा हं," म्हणाले आणि आत निघून गेले. टेम्पो हलला तशी आई वाऱ्यावर ओरडून त्या घोडीला म्हणाली, "शाळेत चाललीये गं!" मी तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि ते मला ड्रायव्हरला दाखवायचं नव्हतं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही दोघी हरभरा घेऊन जातो. पावसाळ्यात ती तुकतुकीत झाली, गवत अंगी लागलं. आईनं पिशवी उघडली की कुंपणाशी येते. माझ्याकडे येत नाही. मी फक्त कागद घेऊन येते हे तिला कळलं असावं.

दिवाळी होऊन गेली होती. कल्याणहून रिक्षा केली, मुरबाड रस्त्याला लागलो. गाव मागे पडलं तसं ऊन पिवळं झालं. आई माझ्या कॉम्प्युटरमुळे वाढलेल्या विजेच्या बिलाबद्दल काहीतरी बोलत होती. बोलता बोलता थांबली. मग एकदम पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव रे. थांबव जरा."

मला वाटलं तिला मळमळतंय. ती उतरली, चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावर गेली. शेतात तीन-चार बाया वाकून भात कापत होत्या. विळ्यांचा तो खसखस आवाज येत होता. एक बाई उभी राहिली, कंबर ताणली, आणि आईकडे बघून हसली.

"कधी धरली कापणी?" आईनं विचारलं.

"आजच, मावशी. आजच धरली."

आई तिथेच उभी राहिली. मी शेजारी गेले. मी बावीस वर्षं छापखान्यात आणि पुढे कितीतरी वर्षं त्या टेबलाशी बसून परक्या घोड्यांच्या तारखा शोधल्या. मेलेल्या घोड्यांच्या, दुसऱ्या देशांतल्या घोड्यांच्या. आईची सापडणार नाही हे मला माहीत होतं. सांगणारं कोणी उरलं नाही, गावचं घर नाही, मास्तर नाहीत. मी तिच्या तारखेच्या मागे लागले नव्हते ते त्यामुळेच. आणि ती इथे, भर रस्त्यावर, कोणाला न विचारता, हातात चपला घेऊन उभी होती.

त्या बाईनं दोन लोंब्या तिच्या हातात दिल्या. आईनं त्या अंबाड्यात खोचल्या आणि रिक्षात येऊन बसली. "चल," म्हणाली.

रिसालदार कुंपणाशीच होते. शिंगरू धावत आलं. आईनं त्या दिवशी आधी हरभरा काढला नाही. गुळाची ढेप काढली, एक खडा रिसालदारांच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि एक आपल्या तळहातावर धरून शिंगरापुढे केला.

"आज काय विशेष, आक्का?" रिसालदारांनी विचारलं.

"माझा वाढदिवस."

"आरं वा! कितवा म्हनायचा?"

आईनं शिंगराच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून हात फिरवला.

"पहिला," ती म्हणाली, आणि हाताला चिकटलेला गूळ स्वतःच्या तोंडात टाकला.